कृष्टी, संस्कृती आणि तिसरा आठवडा

बाली बेटावरच्या दीर्घ सामूहिक सहलींची पत्रके आता महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपर्यंत येऊन पोहोचली आहेत. कंपन्या निरनिराळ्या, छायाचित्रे निरनिराळी; आराखडा मात्र जवळजवळ एकच. तीन आठवडे, तीन विषय. पहिला आठवडा उबुद परिसरात 'संस्कृती'चा : नृत्याचा एक वर्ग, बाटिकचा एक वर्ग, नारळाच्या कोवळ्या झावळ्यांच्या नैवेद्य-परड्या विणण्याची एक सकाळ, तीर्थ एम्पुलच्या कुंडात स्नान. दुसरा 'साहसा'चा : मध्यरात्री उठून बातूर ज्वालामुखी चढायचा आणि सूर्योदय पाहायचा, मग आयुंग नदीतून रबरी होडी हाकायची. तिसरा आठवडा कुटा किंवा चांगगूच्या किनाऱ्यावर, सर्फिंगचा.

या पत्रकांबद्दल प्राध्यापक-कक्षात बोलणे निघाले की एक समर्थन हमखास ऐकू येते. नुसते समुद्रात डुंबून येण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? निदान पहिला आठवडा तरी संस्कृतीला दिलेला आहे. मुले काहीतरी शिकून येतील.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नेमके उलट आहे. या सहलीत सर्वांत आक्षेपार्ह असा पहिलाच आठवडा आहे, आणि त्यातल्या त्यात प्रामाणिक तिसरा. हे विधान विक्षिप्त वाटेल म्हणून जरा विस्ताराने मांडतो.

सुरुवात शब्दापासून करू, कारण तो आपला प्रांत आहे. 'कल्चर'ला बंगालीत कोणता प्रतिशब्द घ्यावा, असा वाद एकेकाळी होता. 'कृष्टि' हा शब्द चालू होता, पण रवींद्रनाथांना तो खपत नसे. नांगराचा वास असलेला शब्द मनाच्या मशागतीसाठी त्यांना ओबडधोबड वाटे. सुनीतिकुमार चटर्जींनी नोंदवून ठेवले आहे की, 'संस्कृती' हा पर्याय त्यांना १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय स्नेह्याकडून मिळाला. मराठीत तो या अर्थाने आधीच रुळलेला होता. रवींद्रनाथांनी त्याला पसंती दिली आणि नांगर बाजूला पडला. पुढे १९२७ मध्ये हेच दोघे बरोबरीने जावा-बालीच्या प्रवासाला गेले. कलकत्त्यात 'बृहत्तर भारत' परिषद स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे बालीकडे पाहण्याचा भारतीय चष्मा आणि त्या चष्म्यावरचा मराठी शब्द हे दोन्ही एकाच बोटीतून तिथे गेले असे म्हणता येईल.

पण त्या वेळी बालीत जे दाखवले जात होते, त्याची घडण कुणी केली होती? २० सप्टेंबर १९०६ रोजी देनपसारमध्ये बडुंगचा राजा, त्याचे कुटुंब, पुरोहित आणि परिवार पांढरी वस्त्रे नेसून, हाती कट्यारी घेऊन डच बंदुकांसमोर चालत गेले. शेकडो माणसे त्या एका दिवसात मेली. कुणी गोळीने, कुणी आपल्याच माणसाच्या कट्यारीने. निमित्त होते सानुरच्या किनाऱ्यावर १९०४ मध्ये फुटलेल्या एका व्यापारी गलबताच्या लुटीचे. एप्रिल १९०८ मध्ये क्लुंगकुंगला त्याचीच पुनरावृत्ती झाली. बालीच्या भाषेत याला 'पुपुतान' म्हणतात, म्हणजे शेवट, अखेरपर्यंत. या कत्तलीने युरोपात डचांची नाचक्की झाली. त्यानंतर डच प्रशासनाला बालीची संस्कृती जपण्याचा उमाळा आला. १९२० च्या दशकात 'बालीकरणा'चे धोरण आले : बालीच्या मुलांनी बालीचीच भाषा, बालीचेच शिल्प, बालीचेच नृत्य शिकावे, राष्ट्रवाद आणि साम्यवाद यांच्या वाऱ्याला उभे राहू नये. १९२८ मध्ये डच जहाज-कंपनीने देनपसारला बाली हॉटेल उघडले. राजाला ज्या शहरात मारले त्याच शहरात, बावीस वर्षांनी, पाहुण्यांसाठी नृत्याचे प्रयोग सुरू झाले.

संस्कृती 'जपण्या'ची भाषा ही अशी मुळात बंदूक थंड झाल्यावर बोलली गेलेली भाषा आहे. पत्रकातल्या पहिल्या आठवड्यात ती जशीच्या तशी उतरते. फक्त १९०६ गळून जाते.

इथे एक सोपा मार्ग आहे, तो मला घ्यायचा नाही. तो असा की, हे सगळे बनावट आहे, खरी बाली केव्हाच हरवली. 'केचक' घ्या. शंभर-दीडशे पुरुष वर्तुळात बसून 'चक् चक्' असा घोष करतात आणि मध्ये रामायण घडते. पर्यटकांना तो आदिम विधी म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात आज दिसणारा केचक १९३० च्या दशकातला आहे. जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि बेदुलू गावचे नर्तक वायान लिंबाक यांच्या सहवासात 'संघ्यांग' या संचाराच्या विधीतील समूहघोषाला रामकथेची जोड मिळाली आणि प्रयोग तयार झाला. म्हणून तो खोटा ठरतो काय? मग आपले संगीत नाटकही खोटे ठरवावे लागेल. नवी निर्मिती हा दोष नव्हेच. तिचे वय लपवून ती 'सनातन' म्हणून विकणे, हा दोष. वायान लिंबाक हा कलावंत होता, त्याने काही घडवले, हे सांगितले तर बालीचा माणूस कर्ता होतो. 'प्राचीन परंपरा' म्हटले की तो केवळ वाहक उरतो, आणि वाहकाला श्रेय द्यावे लागत नाही.

बालीची माणसे या पेचाबाबत आपल्यापेक्षा पुष्कळ सावध होती. १९७१ मध्ये देनपसारला विद्वान, कलावंत आणि अधिकारी यांचा एक परिसंवाद झाला. प्रश्न होता : कोणते नृत्य पवित्र मानायचे आणि कोणते पर्यटकांपुढे चालेल? पंचाईत अशी की या भेदासाठी बालीच्या भाषेत शब्दच नव्हते; 'साक्राल' आणि 'प्रोफान' हे युरोपीय शब्द उसने घ्यावे लागले. शेवटी देवळाच्या तीन अंगणांप्रमाणे तीन वर्ग केले गेले : आतल्याचे, मधल्याचे, बाहेरचे. कागदावर प्रश्न सुटला. पण त्याच सुमाराची एक गंमत पाहा. देवाला अर्पण करण्याचे 'पेंडेट' नृत्य पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरले जाऊ नये म्हणून 'पान्येंब्रामा' हे नवे स्वागतनृत्य मुद्दाम रचले गेले. आणि पुढे ते इतके आवडले की लोक ते देवळातही नाचू लागले! देव आणि पर्यटक यांच्यात भिंत घालायला निघालेली रचना स्वतःच भिंत ओलांडून आत गेली. ही जिवंत समाजाची खूण आहे. सकाळी नऊ ते अकराच्या नृत्यवर्गात यातले काय कळणार?

१९०६ जसे गळते, तसे १९६५ही गळते. डिसेंबर १९६५ पासून काही महिन्यांत बालीमध्ये साम्यवादी म्हणून, साम्यवाद्यांचे नातलग म्हणून किंवा केवळ जमिनीच्या जुन्या वैरातून सुमारे ८० हजार माणसे मारली गेली असा अंदाज आहे. तेव्हाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ पाच टक्के. सैन्याच्या आशीर्वादाने, बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यांच्या हातून. १९६६ मध्येच सानुरला जपानी युद्धभरपाईच्या पैशातून बांधलेले दहा मजली बाली बीच हॉटेल सुरू झाले. १९६९ मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. दफनाच्या काही जागा पुढे किनाऱ्यावरच्या पर्यटनाखाली गेल्या, हे संशोधकांनी नोंदवलेले आहे. 'बेटावरची माणसे स्वभावतः शांत, कलाप्रिय, हसतमुख' हे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचावे. ज्यांनी बोलायचे ते मेले होते. जे उरले ते हसण्यापलीकडे काही करण्याच्या स्थितीत नव्हते. (विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते गुस्ती ङुराह राय हेही १९४६ मध्ये मार्गा येथे डचांशी लढताना, आपल्या तुकडीसह पुपुतान करूनच पडले. तीन आठवड्यांच्या सहलीचे पहिले पाऊल त्यांच्या नावावर पडते. पत्रकात ते नाव तिकिटाच्या तपशिलापुरते असते.)

आता तिसरा आठवडा. सर्फिंगला कोणी प्राचीन म्हणत नाही, हा त्याचा पहिला गुण. रॉबर्ट कोक हा कॅलिफोर्नियाचा गृहस्थ १९३६ मध्ये लुईझ गॅरेटसह कुटाला आला, दोघांनी हॉटेल काढले आणि हवाईत पाहिलेला खेळ तिथे आणला. १९७१ मध्ये उलुवातूच्या कड्याखालच्या लाटांचे चित्रीकरण एका ऑस्ट्रेलियन चित्रपटासाठी झाले आणि जगाला ती जागा कळली. सगळे तारीखवार, सगळे उघड. परदेशी तरुणांच्या मोडक्या फळ्यांवर कुटाची पोरे शिकली आणि लवकरच त्यांच्या तोडीस तोड झाली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली हा खेळ प्रथमच आला, तेव्हा इंडोनेशियाकडून उतरलेला रिओ वाइदा बालीतच वाढलेला होता.

दुसरा गुण असा की इथे पाहुण्याला शिकावेच लागते. एप्रिल ते ऑक्टोबर वारे आग्नेयेकडून येतात, जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर लाट नीट उभी राहते. पावसाळ्यात वारा उलटतो आणि पारडे पूर्वेकडे झुकते. हे ज्ञान शिकवणाऱ्या स्थानिक पोराजवळ असते, पैसे मोजणाऱ्याजवळ नसते. लाट दोघांनाही सारखीच आपटते. पहिल्या आठवड्यात बालीचा माणूस 'दाखवला' जातो. तिसऱ्यात तो गुरू असतो आणि तसे वागतो. किनाऱ्यावर सारे आलबेल आहे असा माझा दावा नाही. जमिनी कोणाच्या हाती गेल्या, पावसाळ्यात कुटाच्या वाळूवर किती प्लास्टिक येऊन पडते, हे प्रश्न आहेतच. पण निदान तिथे कुणी संस्कृतीचे सोवळे नेसून बसलेले नाही. दुसऱ्या आठवड्याबद्दल बोलण्याजोगे फार नाही. ज्वालामुखी कोणाचेही साहस नसतो. पायथ्याशी राहणाऱ्यांचा तो शेजारी असतो.

आपल्याकडचा एक वर्ग या सगळ्यावर निराळ्याच कारणाने खूश असतो. बालीत हिंदू आहेत, रामायण आहे, शक संवत्सर आहे. तेव्हा तिथे जाणे म्हणजे आपल्याच माजघरात जाणे. ऑस्ट्रेलियाखालोखाल भारतातून माणसे तिथे जाऊ लागली आहेत, तशी ही भाषा वाढते आहे. परदेशी पर्यटक बालीच्या माणसाला निसर्गात जमा करतो. आपण त्याला आपल्या भूतकाळात जमा करतो. दोन्हीकडे त्याचा वर्तमान नाकारलाच जातो. संस्कृत सामासिक शब्द दिसला की आपले हात जोडले जातात. 'त्रि हित करण' हे बालीच्या तत्त्वज्ञानाचे सार म्हणून प्रत्येक हॉटेलच्या भिंतीवर लिहिलेले असते. ती शब्दयोजना १९६० च्या दशकातली आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, पण तिला वेदकाळात नेऊन बसवण्याचेही कारण नाही.

आणि इथेच टाकून दिलेला 'कृष्टि' शब्द सूड उगवतो. बालीत संस्कृती कुठे आहे असे विचाराल तर ती पाटात आहे. 'सुबक' म्हणजे एका पाटावरच्या भातशेतकऱ्यांची मंडळी. पाणी केव्हा कोणाला सोडायचे, कोणी केव्हा शेत कोरडे ठेवायचे, हे जलमंदिरांच्या सभांत ठरते. सर्वांची शेते एकाच वेळी कोरडी पडली की किडीला खायला उरत नाही. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या अधिकाऱ्यांनी हे धार्मिक अवडंबर समजून बाजूला सारले, मिळेल तेव्हा पीक घ्या असे फर्मावले, आणि तुडतुड्यांनी शेतेच्या शेते फस्त केली. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने त्याचा तपशील मांडला आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबकला जागतिक वारसा ठरवले. आज त्याच वाफ्यांवर झोके टांगून छायाचित्रे काढली जातात, बाजूच्या वाफ्यात व्हिला उठतो आणि पाट वळतो. नृत्याच्या वर्गासाठी पैसे देणारा पाहुणा त्या पाण्यात अंघोळ करत असतो, एवढा साधा हा संबंध आहे. पाण्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय नृत्य नाही, हे बालीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

राहता राहिले साहित्य. तीन आठवड्यांत एकाही बालीच्या लेखकाचे नाव येत नाही, हे आपल्याला तरी खटकायला हवे. सिंगराजामध्ये ताडपत्रांचे ग्रंथालय गेदोंग कीर्त्या १९२८ मध्येच, बाली हॉटेलच्याच वर्षी, स्थापन झाले. सहल तिकडे फिरकत नाही, कारण ते उत्तरेला पडते. बुलेलेंगच्या राजघराण्यातल्या पांजी तिस्नांची 'सुक्रेनी' ही कादंबरी १९३६ ची, म्हणजे कोक कुटाला आला त्याच वर्षीची. तिच्यातली चहा-खाण्याची टपरी आणि तिथे एका मुलीवर होणारा अत्याचार हे तेव्हाच्या स्वर्गाच्या जाहिरातींना परस्पर दिलेले उत्तर आहे. ओका रुस्मिनी यांच्या 'तारियान बुमी' (२०००) मध्ये शूद्र घरातली नर्तकी नृत्याच्या बळावर ब्राह्मण घरात सून म्हणून जाते, आणि तिची मुलगी उलट वाटेने शूद्राशी लग्न करून बाहेर पडते. जातीची किंमत दोघींनाही मोजावी लागते. ज्या विद्यार्थ्याने हे वाचले आहे, त्याला नृत्यवर्गात शिकवणारीचे नाव तरी विचारावेसे वाटेल. इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत. ती वाचायला व्हिसा लागत नाही.

२०२४ मध्ये सुमारे ६३ लाख परदेशी पाहुणे बालीत आले. बेटाची लोकसंख्या ४४ लाखांच्या आसपास. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया कर घेतला जातो, तोही संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणाच्या नावाने. वर्षातून एक दिवस मात्र हा व्यवहार बंद असतो. शक वर्षारंभाच्या न्येपीला बालीत दिवा लागत नाही, कामधंदा होत नाही, कोणी घराबाहेर पडत नाही. विमानतळ चोवीस तास बंद, किनारे ओस. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले. दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले. त्या दिवशी तिथे लाटेवर जाण्यासही मनाई असते आणि पाहुण्यांना हॉटेलच्या आवारातच थांबावे लागते. माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही पत्रकात न्येपी मुक्कामाच्या तारखांत धरलेली नाही.