बाळाच्या पावलांनी वेरूळ



"दोन वर्षांच्या पोराला लेणी दाखवायला नेताय? त्याला काय कळणार? त्यापेक्षा तेवढे पैसे बँकेत टाका." नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो तेव्हा चाळीतल्या शेजारणीने मला असे विचारले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या घरात हौसेचा प्रवास कुणी केला आहे? आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा जन्मभराचा प्रवास म्हणजे गावाकडचे लग्न, गावाकडची मयत आणि एकदा नागपूरची दीक्षाभूमी. नुसते पाहायला, फिरायला म्हणून त्या कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. म्हणूनच आम्ही ठरवले की बाळ, त्याचे आजी-आबा आणि आम्ही दोघे, असे पाच जण मिळून तीन दिवस जायचे. त्यासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले होते.

रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरलो. आमच्या मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या तोंडी ते अजून औरंगाबादच आहे. मुंबईच्या माणसाला तिकडच्या थंडीची कल्पना नसते. बाळाला कानटोपी, स्वेटर, पायमोजे घातले तरी त्याचे नाक लाल झाले. मात्र दहा वाजता ऊन तापते आणि तेच कपडे उतरवावे लागतात. म्हणून लहान मुलाला एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत. सोबत उकळून गार केलेले पाणी, केळी आणि गूळ-चपाती असली की बाहेरचे खाऊन पोट बिघडण्याची भीती राहत नाही.

वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर आहे. एस.टी.ने गेलो. तिथे ३४ लेणी आहेत, त्यांपैकी पहिली बारा आपली, बौद्धांची. ती सर्व पाहायचीच असा माझ्या यजमानांचा बेत होता. बाळाने तो पहिल्या अर्ध्या तासातच मोडला. वाटेवर मुंग्यांची रांग दिसली, तिथे तो उकिडवा बसला तो उठेचना. मग खार दिसली. मग एक काठी सापडली, ती दगडावर आपटून आवाज काढणे सुरू झाले. यजमान घड्याळ पाहू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "बघू दे की त्याला. त्याची लेणी तीच आहेत. मलाबी जरा गुडघा टेकू दे." मग आम्ही बाळाच्या पावलांनीच चालायचे ठरवले. दिवसभरात जेमतेम चार लेणी झाली, पण ती नीट पाहून झाली.

दहाव्या क्रमांकाचे चैत्य लेणे लोक 'सुताराची झोपडी' म्हणून ओळखतात. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत आणि स्तूपासमोर तथागतांची भव्य बसलेली मूर्ती आहे. आत शिरताच बाळाने "आबा!" अशी हाक मारली. ती घुमून परत आली. तो दचकला, मग हसला, मग दहा वेळा हाक मारली. शेवटी आत्याबाईंनी हळू आवाजात त्रिसरण म्हटले, तेव्हा तो गप्प उभा राहून वर छताकडे बघत राहिला.

तिथून पाचव्या लेण्यात गेलो. शंभर फुटांहून लांब असे ते दालन आहे. मधोमध लांबच लांब दोन बुटके दगडी ओटे आहेत. भिक्खू तिथे ओळीने बसून पाठ करीत किंवा भोजन घेत असावेत असे अभ्यासक मानतात. बाळाला तर ते ओटे आपल्यासाठीच केले आहेत असे वाटले. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवीत धावला. आत्याबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "पंगतीची जागा दिसते."

तेवढ्यात यजमानांनी सोबत आणलेल्या पुस्तकातून वाचून दाखवले की या लेण्याला 'महारवाडा' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतही हेच नाव आहे. मामा एकदम थांबले.

भगिनींनो, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय बेतले हे तुम्हांला ठाऊक आहे. मामांचे घर त्यातच गेले. तेव्हा ते विशीतले होते. अंगावरच्या कपड्यानिशी ते मुंबईला आले. घरात ते यावर कधी बोलत नाहीत. त्या दिवशी ते ओट्याच्या दगडावर तळहात टेकवून एवढेच म्हणाले, "आमचा वाडा एका रात्रीत गेला. हा नाही जळायचा." मग बाळाला उचलून त्यांनी ओट्यावर उभे केले आणि त्याचा हात धरून चालवत राहिले. आम्ही कुणी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गेलो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मामांनी मुंबईत पेढे वाटले होते, पण हे द्वार त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी बाळाला खांद्यावर घेतले. कमानीवरचे नाव वाचले. "याला हितं शिकायला पाठवायचं," ते म्हणाले. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "पाठवा, पण आधी त्याचं नाक पुसा." सगळे हसलो. मामांनी रुमालाने बाळाचे नाक पुसले आणि त्याच रुमालाने स्वतःचे डोळेही.

विद्यापीठामागच्या डोंगरातही बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गुडघे टेकून हात जोडलेल्या उपासक-उपासिका कोरल्या आहेत, जवळजवळ आपल्याएवढ्याच. त्यांना पाहून बाळाने आपणहून हात जोडले. त्याला कुणी शिकवले नव्हते.

तेव्हा शेजारणीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. बाळाला यातले काही आठवणार नाही हे खरे. पण त्याच्या आबांना आठवेल, आणि बाळ मोठा झाला की त्याला ते सांगतील. आजी-आजोबांचे पाय चालतात तोवरच हे करून घ्यावे. लांब जमत नसेल तर जवळचे लेणे पाहावे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. पंधरा वर्षांखालील मुलांना तिथे तिकीट पडत नाही. एका दिवसात एकच ठिकाण ठरवा आणि मुलाला मुंग्या बघू द्या.

परत आल्यावर बाळ घरातल्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन "आबा!" अशी हाक मारतो आणि घुमण्याची वाट बघतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती घुमत नाही. मग आतून मामाच "ओ!" देतात.

जयभीम!