सीलबंद धडे

तुम्ही धडे फुकट वाटता. वाटता म्हणून मिरवता. सभागृहात समया लावता, हारतुरे घेता, ज्ञानाची गंगा दारोदारी आणली म्हणून भाषणं ठोकता. आणि त्या धड्याला हात लावायला गेलं की खाली बारीक अक्षरात सापडतं : सर्व हक्क स्वाधीन. म्हणजे बघा, पण शिवू नका. हे आम्ही आधी कुठंतरी ऐकलंय.

मी गोदीत कंटेनरच्या लॅशिंगला जातो. कंत्राटी. शिक्षण दहावी, तेही रात्रशाळेत. डिजिटल शिक्षणावर हा काय बोलणार, असं विद्वानांना वाटेल. तर मी कंटेनरवरूनच बोलतो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्यानं ५८ कंटेनर घालून एक जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला सोडलं. पण जगभर कंटेनर चालला तो त्याच्या कोपऱ्यामुळं. १९६३ साली मॅक्लीनच्या कंपनीनं त्या कोपऱ्याच्या पेटंटवरचा हक्क सोडला, मग साऱ्या जगाचं एक माप ठरलं. आज कुणाचाही कंटेनर कुणाच्याही जहाजावर, ट्रेलरवर, मालगाडीवर बसतो. कोपऱ्याच्या भोकात ट्विस्टलॉक फिरवला की झालं. आत काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

तुमच्या धड्याचे कोपरेच वाकडे. मराठी मजकूर कृतिदेवमध्ये, नाहीतर श्रीलिपीत. दुसऱ्याच्या मशीनवर तो फाँट नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तीन तपं होत आली. तरी तुमच्या पीडीएफमधून एक ओळ उचलावी तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या पळतात. 'क्रांती'चं काय होतं ते एकदा करून बघा.

रविवारी मी वस्तीतल्या पोरापोरींना गणित शिकवतो. शेकडेवारीचा एक व्हिडिओ मिळाला. आवाज गोड, चित्रं झकास. उदाहरण काय, तर बाबांनी बँकेत एक लाखाची मुदत ठेव ठेवली. पोरं हसायला लागली. मला तिथं पगाराची चिठ्ठी घालायची होती. मूळ पगार १५,०००. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० गेले. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, पुढचा रुपया धरून ११३. गणित तेच, रीत तीच, फक्त आकडे आणि माणसं आमची. पण आकडे चित्रात चिकटवलेले, आवाज चित्राला चिकटवलेला. काढू काय आणि घालू काय? शेवटी खडूनं भिंतीवर लिहिलं. पुढच्या रविवारी एक पोरगी बापाची चिठ्ठी घेऊन आली. ईएसआयपोटी कापले होते २१३. वरचे शंभर कुणाच्या खिशात गेले, हे आठवीतल्या पोरीनं शोधलं. कंत्राटदाराचं नाव इथं घेत नाही. पोरीच्या बापाला अजून त्याच गेटमधून कामावर जायचंय.

म्हणून मी म्हणतो, धडा बदलता येणं ही चैन नाही.

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर दावा ठोकला. कशासाठी, तर पोरांना पुस्तकातली पानं झेरॉक्स करून देतो म्हणून. २०१६ साली हायकोर्टात ते हरले. चांगलं झालं. पण तो हक्क झेरॉक्सचा. फुकट बघायला मिळणं वेगळं, नक्कल करता येणं वेगळं, आणि मोडून जोडून नवा करून पुढच्याला देता येणं त्याहून वेगळं. युनेस्कोनं २००२ साली मुक्त शैक्षणिक साधनं हा शब्द काढला आणि २०१९ साली ठरावच केला, त्यात हे 'बदलता येणं' स्पष्ट घातलंय. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यातलाही एक आमच्या पंडितांना फार आवडतो. त्यात अट अशी की धडा जसाच्या तसा वाटा, बदललेला कुणाला देऊ नका. सोवळं ते सोवळंच!

वर म्हणणार, कुणीही हात घातला तर दर्जा बिघडेल. अहो, जो परवाना बदलू देतो तोच सांगतो की मूळ लेखकाचं नाव ठेवा आणि बदल केलाय हे लिहा. माझी चूक माझ्या नावावर जाईल, तुमचं पावित्र्य शाबूत राहील. मग भीती कशाची? वस्तीतला मास्तर लेखक होईल याची?

आता आपल्यातल्या उत्साही मंडळींनाही एक सांगतो. कंटेनरनं गोदीतल्या टोळ्या खाल्ल्या. जिथं पाठीवर गोणी वाहणारी शेकडो माणसं होती तिथं आता क्रेन आणि मूठभर आम्ही. माप एक झालं, पण क्रेन आमच्या हातात आली नाही. धड्यांचंही तसंच होऊ शकतं. एक व्हिडिओ हजार शाळांत लावला की हजार मास्तर कशाला, हा हिशेब कुणीतरी करत बसलेलाच आहे. सीलबंद धडा मास्तरला हटवतो. उघडता येणाऱ्या धड्याला तो उघडणारा मास्तर लागतो.

तेव्हा जे कुणी धडे बनवतात त्यांच्याकडून आम्हांला एवढं पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये. शब्द, चित्रं, आवाज, उत्तरं वेगवेगळ्या फायलींत, आणि तयार मालाबरोबर त्या कच्च्या फायलीही. धडा लहान तुकड्यांत, म्हणजे एक तुकडा उचलला तर बाकीचे कोसळणार नाहीत. स्वस्तातल्या मोबाईलवर एकदा उतरवून नेट नसताना चालेल असा, आणि कागदावर छापता येईल असा. परवाना बदलू देणारा, आणि तो पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या टायपात.

शेकडेवारीचा माझा धडा आता साध्या मजकुरात टाइप झालाय. अंकाच्या पत्त्यावर मागा. त्यातले १५,००० खोडा आणि आपल्या बापाच्या चिठ्ठीवरचा आकडा घाला. बदलून झाला की परत पाठवा, कुठं काय बदललं ते लिहून. वीटभट्टीवाल्यांचा आणि ऊसतोडीवाल्यांचा आधी पाहिजे. तिथं उचल फेडायचा हिशेब असतो, तो मला जमत नाही.