उंदीर, गांजा आणि शिक्का

भिलाईत हाणामारी झाली की ‘गांजा ओढला असेल’, हा निष्कर्ष तपासाआधीच निघतो. प्रशासनात असताना मीही तो निमूटपणे स्वीकारत असे. प्रयोगशाळेतील पुरावा मात्र इतका सरळ नाही. गांजातील टीएचसी दिल्यावर प्राणी बहुधा सुस्तावतात. परंतु उपाशी ठेवलेल्या किंवा झोप मोडलेल्या उंदरांत गांजामुळे आक्रमकता वाढल्याचे १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले. १९९२ मध्ये मेंदूतच सापडलेले आणि टीएचसीच्याच ग्राहींवर काम करणारे रसायन तर संस्कृत ‘आनंद’वरून ‘आनंदामाइड’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे द्रव्याइतकीच परिस्थितीही निर्णायक ठरते.

इतिहासही हेच सांगतो. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ‘गांजामुळे वेड’ हे शिक्के पुष्कळदा पुरेशा चौकशीविना मारलेले आढळले. अतिसेवन अपायकारक असते, हे आयोगाने नाकारले नव्हते.

अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ६४-अ स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. हे कलम पोलीस ठाण्यांत आणि कामगार वस्त्यांत पोहोचवावे. हिंसेला शिक्षा व्हावीच. पण शिक्क्याला पुरावा मानू नये.