रात्री दोन वाजता पासवर्ड कोण टाकणार?

या वेळचा विषय थोडा किचकट आहे, पण घरी मॅक असेल आणि कुणी त्यावर होमब्रू वापरत असेल, तर पुढेमागे तुमच्याही वाट्याला येईल.

आपल्या वाचनालयातल्या मॅक मिनीवर जुन्या स्मरणिकांची पानं स्कॅन होतात आणि टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम त्यातली अक्षरं ओळखतो. त्याला मराठीही येतं. हे सगळं होमब्रूतून बसवलेलं. दर वेळी हाताने अपग्रेड करायचा कंटाळा, म्हणून मी रात्री दोन वाजता ते आपोआप होईल अशी सोय केली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, "अरे, ते मराठी वाचणं बंद पडलंय. आणि प्रदर्शनाची पानं अजून राहिलीयेत!"

जाऊन पाहिलं. नवी आवृत्ती डाउनलोड झाली होती, पण जोडणीच्या पायरीवर अडकली होती: अमुक फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. इथे बहुतेक जण जे करतात तेच माझ्या मावसभावाने फोनवर सुचवलं, "दादा, ७७७ करून टाक ना." परवानगीचे आकडे साधे असतात: वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. ७७७ म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळं जग, तिघांनाही सगळं खुलं. अडचण सुटते, पण मग त्या मशीनवरचं कुठलंही खातं तिथला प्रोग्रॅम बदलून ठेवू शकतं. वाचनालयात पाहुण्यांचं खातंही आहे.

प्रश्न परवानगीचा नव्हताच, मालकीचा होता. 'एलएस -एल' दिलं आणि मालकाच्या रकान्यात माझ्या खात्याऐवजी 'रूट' दिसलं. गुन्हेगार मीच. मागे एक छोटं साधन सोर्सवरून बसवताना घाईत 'सुडो' लावलं होतं. सुडोने चालवलेली आज्ञा जे नवे फोल्डर तयार करते, ते रूटच्या नावावर जातात. होमब्रू मात्र तुमच्या साध्या खात्याने चालतं. रूट म्हणून चालवायला गेलात तर ते सरळ नकार देतं. म्हणजे रात्रीचं काम रूटच्या क्रॉनमध्ये टाकूनही उपयोग नाही (हेही करून झालंय). दिवसा आपण समोर असतो, पासवर्ड टाकून वेळ मारून नेतो. रात्री दोन वाजता तिथे कोण बसलंय?

उपाय एका ओळीचा. 'सीएच-ओन -आर' ही आज्ञा एकदाच सुडोने देऊन 'ऑप्ट'मधलं अख्खं 'होमब्रू' फोल्डर पुन्हा माझ्या खात्याच्या नावावर केलं. हे नव्या, ॲपल चिपच्या मॅकसाठी. जुन्या इंटेल मॅकवर होमब्रू 'यूएसआर-लोकल'मध्ये राहतं आणि तिथे इतरही प्रोग्रॅमचं सामान असतं, त्यामुळे सगळ्यावर सरसकट नाव लावू नका. होमब्रूचे फोल्डर तेवढे निवडा.

मग रात्रीचं काम माझ्याच खात्याच्या क्रॉनमध्ये टाकलं. तरी पहिल्या रात्री काही झालं नाही, कारण क्रॉनला 'ब्रू' कुठे आहे तेच ठाऊक नसतं. पूर्ण पत्ता लिहावा लागतो. शिवाय मशीन झोपलेलं असेल तर क्रॉन ती वेळ सोडूनच देतो, म्हणून ते काम शेवटी लाँचडीकडे दिलं. मशीन जागं झालं की तो राहिलेलं काम उरकतो. आणि जे काही घडेल ते एका लॉग फाइलमध्ये जाईल असं केलं. ते आधी केलं असतं तर काकूंच्या फोनची वाट पाहावी लागली नसती.

घरी एका मॅकवर दोघा भावंडांची खाती असतील, तर होमब्रू एकाच्याच नावावर ठेवा आणि अपग्रेडही त्यानेच करावं. दोघांनी आळीपाळीने केलं की हाच गोंधळ, फक्त रूटऐवजी ताईचं नाव दिसेल.

राहिलेली ३८ पानं त्या रविवारी संध्याकाळपर्यंत झाली. 'ळ'चा 'ल' अजूनही अधूनमधून होतो. तो काकू पेन्सिलीने खूण करून मला पाठवतात.