गोठ्याभोवतीची हिरवळ

घरातले माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला माळ्यावरची सजावटीची पेटी उतरवू नये, असे अनेकांना वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु पेटीबरोबर वृद्ध हातांचे कामही थांबते, आणि ते रितेपण अधिक जाचते.

गोवा-वसईकडे काही घरांत ख्रिस्तजन्माच्या गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून दोनएक आठवडे आधी करवंटीत वा परातीत गहू किंवा नाचणी पेरतात. हे काम आजी-आजोबांकडे सोपवावे. ते खुर्चीत बसून होते. आणि उद्या सकाळी उठून पाणी शिंपडायचे आहे, एवढे निमित्तही खिन्न मनाला उठवते. बाकी सजावट नसली तरी चालेल. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे मांडलेल्या देखाव्यात गवत, बैल आणि गाढव एवढेच तर होते!

काळजी घेणाऱ्यांनी चांदणी स्वतः टांगावी. ज्येष्ठांना स्टुलावर चढू देऊ नये. दिव्यांच्या तारा वाटेत नसाव्यात. गोठा टेबलावर मांडावा, म्हणजे वाकावे लागत नाही. मेंढरू कुठे ठेवायचे, हे मात्र त्यांनाच विचारावे. थरथरत्या हाताने ते वाकडे ठेवले गेले, तर रात्री हळूच सरळ करू नये.