लहान खेड्याचा आकडा आणि फेब्रुवारीतील गणती

वडोदरा जिल्ह्यातील एखाद्या खेड्याची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे शासकीय उत्तर वर्षानुवर्षे २०११ सालचेच राहिले आहे. मधल्या काळात जिल्हाच पालटला. १५ ऑगस्ट २०१३ रोजी पूर्वेकडील आदिवासी पट्टा वेगळा होऊन छोटा उदेपूर जिल्हा झाला. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमालीसह सात गावे वडोदरा महानगरपालिकेने पोटात घेतली. ४१,६५,६२६ हा २०११ चा आकडा ज्या जिल्ह्याचा, तो जिल्हा त्या रूपात उरलेलाच नाही.

शहरालगतच्या गावांचे फारसे बिघडत नाही. प्रश्न आहे तो नसवाडी, कवांटकडील विखुरलेल्या पाड्यांचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात मैदानी भागात ५००, तर पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात २५० लोकवस्तीची अट आहे आणि ती २०११ च्या गणनेवरून मोजली जाते. त्या वेळी २४० माणसे नोंदली गेलेली वस्ती आज तीनशेची झाली असली, तरी कागदावर ती अपात्रच. पंधराव्या वित्त आयोगानेही ग्रामीण स्थानिक संस्थांचे अनुदान राज्यांमध्ये वाटताना लोकसंख्येला ९० टक्के भार दिला होता.

नव्या जनगणनेने हे दुरुस्त होईल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मात्र या गणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र असून प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत व्हायची आहे. पूर्व गुजरातेतील आदिवासी कुटुंबे नेमकी याच दिवसांत बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला गेलेली असतात. ती परततात होळीला, आणि २०२७ ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आहे. गणतीच्या संपूर्ण काळात गैरहजर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, हा नियम तत्त्वतः चुकीचा नाही. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये, हाच त्याचा हेतू. पण वीटभट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही, तर तो माणूस दोन्हीकडून निसटतो. अडीचशेच्या वस्तीत अशी दहा कुटुंबे निसटली, तर रस्ताच निसटला.

गोव्याला हे चित्र दुसऱ्या टोकाकडून परिचित आहे. २०११ मध्ये १४,५८,५४५ लोकसंख्येच्या या राज्यात ६२ टक्के लोक नागरी ठरले, कारण अनेक पंचायत गावे जनगणनेच्या व्याख्येत शहरे झाली. इथल्या बांधकामांवर मोजला गेलेला परप्रांतीय मजूर कुठल्यातरी दूरच्या खेड्यातून वजा झालेला असतो, ही बाजू आपल्या चर्चेत क्वचितच येते.

स्थलांतराचे प्रश्न जनगणनेत विचारले जातात, हे खरे. परंतु २०११ चे त्याविषयीचे तपशीलवार तक्ते यायला २०१९ उजाडले. तोवर निधीचे वाटप होऊन गेलेले होते. हंगामी गैरहजर कुटुंबांची स्वतंत्र नोंद ग्रामपंचायतींनी घरयादीच्या वेळीच करून ठेवली आणि योजनांची पात्रता ठरवताना ती ग्राह्य धरली, तर निम्मे काम होईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक परिच्छेद वाढवावा लागतो.