यंत्र आणि सवंगडी

सवंगड्यांवाचून खेळ रंगत नाही, ही गोष्ट मुलांना शिकवावी लागत नाही. दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाच्या यंत्रास कन्सोल म्हणतात. दूरदूरच्या मुलांनी आपापल्या घरी बसून इंटरनेटच्या साहाय्याने एकच डाव मांडावा, अशी सोय आता बहुतेक कन्सोलांत असते. तेव्हा ज्या यंत्रात ही सोय उत्तम, तेच यंत्र बाजारात जिंकणार, असे कोणी म्हटल्यास ते सहज पटते. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

जपानच्या सेगा कंपनीने १९९८ साली ड्रीमकास्ट नावाचा कन्सोल विक्रीस आणला. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेटशी जोडणारा मोडेम त्याच्यातच बसविलेला होता. ही दूरदृष्टी खरीच. परंतु दूरदृष्टीने पोट भरत नाही. एक कोटी यंत्रेही खपली नाहीत, आणि २००१ च्या आरंभी सेगाने कन्सोलच्या धंद्यातूनच अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. याउलट सोनीचा प्लेस्टेशन २ हा २००० साली आला, तेव्हा त्यात इंटरनेटवर खेळण्याची व्यवस्थाच नव्हती; त्यासाठीचे उपकरण पुढे वेगळे विकत घ्यावे लागे. तरी तो पंधरा कोटींहून अधिक खपला. जुन्या प्लेस्टेशनचे खेळ त्यावर चालत, चित्रपटांच्या डीव्हीडी पाहता येत, आणि नव्या खेळांना तर तोटाच नव्हता.

त्या काळी इंटरनेट मंद होते म्हणून असे घडले, असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी खरा आहे. पण निंटेंडोचा वी आला तो २००६ साली, वेगवान इंटरनेट अमेरिकेतील व जपानमधील असंख्य घरांत पोहोचल्यावर. त्यावर दूरच्या मित्राशी खेळणे म्हणजे एक व्रतच होते! दोघांनी लांबलचक संकेतांक एकमेकांस कळवावयाचे, ते बिनचूक नोंदवावयाचे, आणि मगच डाव. तरीही वी दहा कोटींहून अधिक खपला. हातातील दांडी फिरवली की पडद्यावर टेनिसचा चेंडू उडे. मग आजोबा आणि नात एकाच खोलीत उभे राहून खेळत. सवंगडी घरातच भेटला, तर तारेची गरज काय?

म्हणून ऑनलाइन खेळ निरर्थक आहे, असे मात्र नव्हे. तो गिऱ्हाइकास दुकानात आणत नाही. एकदा आलेल्यास जाऊ देत नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली. तिच्यावर खेळता खेळता प्रतिस्पर्ध्याशी बोलताही येई. एवढे असूनही तो पहिला एक्सबॉक्स प्लेस्टेशन २ च्या जवळपासही पोहोचला नाही. पण जे खेळाडू आले ते कसे जडले, हे पुढे दिसले. २००४ साली निघालेला ‘हेलो २’ हा त्यांचा आवडता खेळ. त्याच कथेचा पुढला खेळ २००७ सालीच बाजारात आला होता. १५ एप्रिल २०१० रोजी कंपनीने जुन्या खेळांची ही सेवा बंद केली. यंत्र बंद केले की जोडणी कायमची तुटणार, हे ओळखून काही खेळाडूंनी आपली यंत्रे रात्रंदिवस चालूच ठेवली आणि डाव सुरू ठेवला. एकेक जण गळत गेला. त्यांच्यातील शेवटचा खेळाडू तुटला, तेव्हा मे महिना उजाडला होता.